कॉन्ट्रास्ट म्हणजे नेमकं काय? उन्हातला फोन, फिकट अक्षरं आणि रात्रीची उसाची ट्रॉली

ब्राइटनेस फुल्ल केला तरी उन्हात फोनवरचं काही दिसत नाही, ही तक्रार आपण सगळेच करतो. मग जास्त निट्सचा फोन शोधतो, नाहीतर डोळे तपासायला पाहिजेत असं म्हणतो. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा अडचण वेगळीच असते. डोळ्याला उजेड किती आहे यापेक्षा शेजारच्या जागेपेक्षा तो किती वेगळा आहे, हे जास्त कळतं. या फरकालाच कॉन्ट्रास्ट म्हणतात.

मी आष्ट्याचा (ता. वाळवा, जि. सांगली). शिक्षण इंजिनिअरिंगचं, आणि काम मोबाईल अ‍ॅपच्या स्क्रीन बनवायचं. त्यामुळे कॉन्ट्रास्टशी रोजच गाठ पडते. या लेखात आपण पाहूया की डोळा पट्टे, रेघा आणि अक्षरं कशी ओळखतो, त्याची मर्यादा कुठे आहे, आणि त्याचा आपल्या फोनशी (आणि गळीत हंगामात रात्री गाडी चालवण्याशी) काय संबंध आहे.

डोळा फरक मोजतो

एक सोपा हिशेब करू. घरात ट्यूबलाइटखाली साधारण ३०० लक्स उजेड असतो. बाहेर उन्हात तो सहज ५०,००० लक्सच्या वर जातो. आता वर्तमानपत्राचा पांढरा भाग ८० टक्के आणि काळी शाई ५ टक्के उजेड परत पाठवते असं धरा.

- घरात पांढऱ्या कागदावरून परत येणारा उजेड : ३०० × ०.८० = २४०
- उन्हात काळ्या शाईवरून परत येणारा उजेड : ५०,००० × ०.०५ = २,५००

म्हणजे उन्हातली काळी शाई घरातल्या पांढऱ्या कागदापेक्षा दहापट जास्त उजेड डोळ्यात पाठवते. तरीही ती काळीच दिसते! कारण डोळा तिची तुलना तिच्याच शेजारच्या पांढऱ्या भागाशी करतो, आणि ते गुणोत्तर दोन्हीकडे १६ ला १ एवढंच राहतं.

ही तुलना दृष्टिपटलावरच, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच सुरू होते. तिथे सुमारे १२ कोटी दंड पेशी (कमी उजेडासाठी) आणि ६० लाख शंकू पेशी (दिवसा आणि रंगांसाठी) असतात. पण मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू फक्त १० लाखांच्या आसपास असतात. सगळा कच्चा डेटा पाठवणं शक्यच नाही, म्हणून तो आधी गाळला जातो.

१९५३ मध्ये स्टीफन कुफलर यांनी मांजराच्या दृष्टिपटलावर हे दाखवून दिलं. तिथल्या एका प्रकारच्या पेशी मधोमध प्रकाशाचा ठिपका पडला की जोरात सिग्नल देतात, पण त्याच्या भोवतीच्या कड्यावर उजेड पडला की दबतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी याच्या बरोब्बर उलट वागतात. सगळीकडे सारखाच उजेड असेल तर दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ खोडतात. ज्यांनी फोटो एडिटिंग अ‍ॅपमध्ये ‘शार्पन’ वापरलंय त्यांनी हेच गणित वापरलंय : मधल्या पिक्सेलची किंमत अधिक, शेजाऱ्यांची उणे.

पुढची पायरी मेंदूत. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९५८ पासून केलेल्या प्रयोगांत दिसलं की मेंदूच्या दृष्टीच्या भागातल्या पेशी ठिपक्यांपेक्षा रेघांना प्रतिसाद देतात. त्यातही प्रत्येक पेशीची आवड ठरलेली. एखादी आडव्या रेघेला, एखादी उभ्या, एखादी तिरक्या. या कामासाठी त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. आपली शिरोरेषा वाचताना आडव्यावाल्या पेशी आणि काना वाचताना उभ्यावाल्या पेशी कामाला लागतात, असं समजा.

पट्ट्यांची दाटी कशी मोजतात?

डोळ्याची परीक्षा घ्यायला संशोधक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं चित्र वापरतात. त्यात दोन गोष्टी बदलता येतात.

१. दाटी : नजरेच्या एका अंशात पट्ट्यांच्या किती जोड्या बसतात. एक काळा आणि एक पांढरा पट्टा मिळून एक जोडी. शास्त्रात याला स्पेशियल फ्रिक्वेन्सी म्हणतात.

२. कॉन्ट्रास्ट : उजळ पट्टा आणि गडद पट्टा यांच्यातला फरक भागिले त्यांची बेरीज. पूर्ण काळा-पांढरा असेल तर १, म्हणजे १०० टक्के. दोन्ही सारखे असतील तर शून्य.

एक अंश म्हणजे किती? हात लांब करून करंगळीच्या नखाकडे बघा. त्याची रुंदी साधारण एक अंश भरते. फोन ३० सेंटिमीटरवर धरला तर पडद्यावरचे साधारण ५.२ मिलिमीटर म्हणजे एक अंश.

१९६८ मध्ये केंब्रिजच्या फर्गस कॅम्पबेल आणि जॉन रॉबसन यांनी अशा पट्ट्यांवरचा गाजलेला शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं की आपल्या दृष्टीत वेगवेगळ्या दाटीसाठी वेगवेगळे ‘चॅनल’ आहेत. जाड पट्ट्यांचा वेगळा, मध्यम पट्ट्यांचा वेगळा, बारीक पट्ट्यांचा वेगळा. म्युझिक अ‍ॅपमधल्या इक्वलायझरमध्ये बास, मिड आणि ट्रेबल असतात ना, तसंच काहीसं.

या सगळ्या चॅनलचा मिळून जो आलेख तयार होतो तो डोंगरासारखा दिसतो.

- शिखर : अंशाला ३ ते ५ जोड्या. चांगल्या उजेडात तरुण डोळ्याला इथे अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी फरक ओळखता येतो.
- उजवीकडचा उतार : पट्टे बारीक होत गेले की जास्त कॉन्ट्रास्ट लागतो. अंशाला ५० ते ६० जोड्यांच्या आसपास पूर्ण काळे-पांढरे पट्टेसुद्धा सपाट राखाडी दिसतात.
- डावीकडचा उतार : पट्टे फार रुंद आणि हळूहळू बदलणारे असतील तरी संवेदना कमी होते. भिंतीवर खिडकीकडून कोपऱ्याकडे उजेड कमी होत जातो, पण आपल्याला भिंत एकाच रंगाची वाटते, ती यामुळेच.

लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आली. ‘दिसतं’ किंवा ‘दिसत नाही’ हे आकार आणि कॉन्ट्रास्ट मिळून ठरतं. बारीक गोष्ट दिसायला कॉन्ट्रास्ट जास्त लागतो. कॉन्ट्रास्ट कमी असेल तर आकार वाढवावा लागतो.

घरी करून बघा : ग्राफ पेपरचा प्रयोग

शाळेतला मिलिमीटरचा ग्राफ पेपर घ्या. काळ्या पेनाने एक आड एक असे १ मिलिमीटरचे उभे रकाने भरा. चार-पाच सेंटिमीटरचा चौकोन पुरे. शेजारी तसाच दुसरा चौकोन पेन्सिलने अगदी हलक्या हाताने भरा. कागद चांगल्या उजेडात भिंतीला चिकटवा आणि मागे मागे जा.

६/६ नजर म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढी रेघ ओळखणं. त्या हिशेबाने १ मिलिमीटरचा काळा पट्टा साधारण साडेतीन मीटरपर्यंत वेगळा दिसायला हवा. नजर तीक्ष्ण असेल तर आणखी थोडं मागे जाता येईल. पेन्सिलचा चौकोन मात्र त्याच्या बऱ्याच आधी राखाडी होऊन जाईल. दोन्ही चौकोनांतल्या रेघा तेवढ्याच जाडीच्या आहेत, फक्त कॉन्ट्रास्ट वेगळा आहे.

मग फोनला किती पीपीआय पुरे?

आता हाच हिशेब पडद्यावर लावू. ४०० पीपीआयच्या पडद्यावर एका मिलिमीटरमध्ये जवळपास १६ पिक्सेल असतात. ३० सेंटिमीटरवरून बघताना एका अंशात ८२ पिक्सेल येतात, म्हणजे पट्ट्यांच्या ४१ जोड्या. ४० सेंटिमीटरवरून बघितलं तर ५५ जोड्या. ही डोळ्याची मर्यादाच आहे. त्यामुळे ४०० च्या पुढचे पीपीआय जाहिरातीत जेवढे दिसतात तेवढे डोळ्याला दिसत नाहीत. नवीन फोन घेताना तेच पैसे चांगल्या ब्राइटनेसच्या आणि कमी चमकणाऱ्या पडद्याला घालवलेले बरे.

मराठीची खास अडचण : अनुस्वार

इंग्रजी डिझाइन बघून बनवलेल्या अ‍ॅपमध्ये मराठी अक्षरं टाकली की पहिला फटका अनुस्वाराला बसतो. ‘चिता’ आणि ‘चिंता’, ‘त्याचा’ आणि ‘त्यांचा’ यात फरक फक्त एका टिंबाचा. ‘वारा’ आणि ‘बारा’ यात पोटातल्या एका रेघेचा. ‘घन’ आणि ‘धन’ यात वरच्या एका वळणाचा.

आकडे बघू. १६ साइजचं अक्षर अँड्रॉइडवर साधारण अडीच मिलिमीटरच्या चौकटीत बसतं. टिंब त्याच्या दहाव्या भागाएवढं धरलं तर पाव मिलिमीटर. ३० सेंटिमीटरवरून ते अंशाच्या साठाव्या भागाच्या तिप्पट भरतं. म्हणजे ठीक आहे, दिसतं.

पण साइज १० केला आणि फोन ४० सेंटिमीटरवर धरला, तर तेच टिंब जेमतेम १.४ पट उरतं. शिवाय टिंब वेगळं कळायला त्याच्या आणि शिरोरेषेच्या मधली पांढरी फटही दिसावी लागते. आपण आलेखाच्या उजव्या टोकाला पोहोचलो. इथे डोळ्याला जवळजवळ पूर्ण काळं-पांढरं हवं असतं, आणि नेमकं इथेच डिझाइनर ‘क्लीन लूक’साठी फिकट राखाडी वापरतो! तुमच्या आजोबांना एसएमएसमधली तारीख वाचता येते पण अ‍ॅपमधल्या अटी वाचता येत नाहीत, याचं एक कारण हे आहे.

वेबसाइटच्या सुलभतेचे डब्ल्यूसीएजी नावाचे जागतिक नियम आहेत. २००८ च्या आवृत्तीपासून त्यात आकडा दिलेला आहे : नेहमीच्या मजकुराला किमान ४.५ ला १, मोठ्या अक्षरांना ३ ला १, आणि वरच्या पातळीसाठी ७ ला १. शुद्ध काळ्यावर पांढरं असेल तर २१ ला १. राखाडीच्या ० ते २५५ पट्टीवर ११८ नंबरचा राखाडी पांढऱ्यावर ४.५४ देतो आणि पास होतो. १५३ नंबरचा, जो खूप अ‍ॅपमध्ये दिसतो, तो फक्त २.८५ देतो. मराठी स्क्रीन करताना मी स्वतः ७ च्या खाली जात नाही, आणि मजकूर १६ साइजपेक्षा बारीक ठेवत नाही. टिंबासाठी एवढं करायलाच हवं.

उन्हात नेमकं काय बिघडतं?

फोनच्या काचेवरून बाहेरचा उजेडही परत येतो. हिशेबासाठी पडदा ५ टक्के उजेड सगळीकडे सारखा परत पाठवतो आणि पूर्ण पांढरा भाग ५०० निट्सचा आहे असं धरू. परत आलेला उजेड काळ्या भागातही मिसळतो आणि पांढऱ्या भागातही.

- खोलीत (३०० लक्स) : सुमारे ५ निट्स मिसळतात. काळं-पांढरं गुणोत्तर १०० च्या वर.
- बाहेर सावलीत (१०,००० लक्स) : सुमारे १६० निट्स मिसळतात. ६६० भागिले १६०, म्हणजे ४ च्या आसपास.
- उन्हात (५०,००० लक्स) : सुमारे ८०० निट्स मिसळतात. १,३०० भागिले ८००, म्हणजे १.६.

१५३ नंबरच्या राखाडी अक्षराचं उन्हातलं गुणोत्तर तर १.४ च्याही खाली जातं. बघा, पडद्याने उजेड कमी केलेला नाही. उलट डोळ्यात आता आधीपेक्षा जास्त उजेड येतोय. फरक मात्र पुसला गेला.

म्हणून शेतात, मोटारीच्या पेटीजवळ उभं राहून मेसेज वाचायचा असेल तर आधी पाठ सूर्याकडे करून फोनवर स्वतःची सावली पाडा. काळ्या कॉन्ट्रास्टपुरतं बोलायचं तर १०,००० लक्सवर येणं हे ब्राइटनेस दुप्पट करण्यापेक्षा जास्त फायद्याचं आहे. आणि डार्क मोड बंद करा. त्यात गुणोत्तर तेवढंच राहतं, पण आकाशाचं आणि आपल्या चेहऱ्याचं प्रतिबिंब काळ्या पडद्यावर जास्त उठून दिसतं आणि अक्षरांच्या आड येतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो का फाटतो?

डोळ्याच्या या मर्यादेचा इंजिनिअर लोकांनी फायदाही करून घेतलाय. १९९२ चं जेपीईजी तंत्र फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्यात जाड पट्टे किती, बारीक किती हे वेगळं काढतं. मग जाड पट्टे नीट जपतं आणि बारीक ढोबळ करतं. मानकातल्या नमुना तक्त्यात पहिल्या खान्यात १६ आहे आणि शेवटच्या खान्यात ९९. आकडा जेवढा मोठा तेवढी माहिती जास्त टाकून दिली. रंगातले बारीक बदल तर डोळ्याला आणखीच कमी कळतात, म्हणून बहुतेक फोटोंत रंगाची माहिती कमी रिझोल्यूशनमध्ये साठवतात.

निसर्गाच्या फोटोत हे खपून जातं. पण वाढदिवसाच्या बॅनरवर निळ्यावर लाल अक्षरं असतील आणि तो चार ग्रुपमधून फिरून आला असेल, तर अक्षरांच्या कडेला घाण दिसायला लागते. तिथे फरक फक्त रंगाचा होता, उजेडाचा नव्हता. सातबारा, मार्कशीट असे कागद पाठवायचे असतील तर फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

रात्रीची उसाची ट्रॉली

आता या विषयातला सगळ्यात गंभीर भाग. आमच्या आष्ट्यातून सांगली–पेठ रस्ता जातो. दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला की रात्रभर या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या ऊस घेऊन कारखान्याकडे जात असतात. ऊस मागे बाहेर लोंबत असतो, त्याखाली दिवे झाकले जातात. मागून येणारा दुचाकीवाला ‘ट्रॉली दिसलीच नाही’ म्हणतो. लोकांना वाटतं तो बहाणा करतोय. पण वरचं गणित लावून बघा.

अंधारात पाठीमागच्या रस्त्याचा उजेड १ धरा आणि ट्रॉलीचा अर्धा. गुणोत्तर २, म्हणजे दिसायला हरकत नाही. आता समोरून हाय बीमवर गाडी आली. तिचा उजेड डोळ्याच्या आत भिंगात विखुरतो आणि सगळ्या चित्रावर सारखा पसरतो. तो ५ धरा. मग ६ भागिले साडेपाच, म्हणजे १.०९. उन्हातल्या फोनचं जे झालं तेच ट्रॉलीचं झालं.

त्यात रात्री डोळ्याचा आलेखच बदलतो. शिखर खाली येतं आणि जाड पट्ट्यांकडे सरकतं. बारीक तपशील जातात आणि जे उरतं त्यालाही जास्त कॉन्ट्रास्ट लागतो. मोतीबिंदू सुरू झालेल्या माणसाच्या डोळ्यात उजेड आणखी विखुरतो. नेहमीचा तक्ता तो दिवसा कदाचित नीट वाचेल, पण रात्री त्याची अवस्था वेगळी असते. म्हणूनच डॉक्टरांकडे १९८८ पासून पेली-रॉबसन तक्ता आहे, ज्यात सगळी अक्षरं एकाच आकाराची असतात आणि खाली खाली फक्त फिकट होत जातात.

६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ट्रॉली ५० मीटरवर दिसली तर हातात ३ सेकंद. त्यात कळणं, ठरवणं आणि ब्रेक लागणं सगळं आलं.

रिफ्लेक्टर इथे जीव वाचवतो तो नेमका कॉन्ट्रास्टमुळे. साधा रंग आपल्यावर पडलेला उजेड सगळीकडे उधळतो. रिफ्लेक्टर तो ज्या गाडीकडून आला तिच्याकडेच परत पाठवतो. त्यामुळे विखुरलेल्या उजेडाची भर पडूनही फरक शिल्लक राहतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०४ रिफ्लेक्टरचाच आहे. मात्र तो लावायचा कुठे हेही महत्त्वाचं. उसाने झाकला जाईल अशा जागी लावलेला रिफ्लेक्टर असून नसल्यासारखा. लोंबणाऱ्या उसाच्या टोकाला लाल रिफ्लेक्टिव्ह कापड बांधलं, आणि पट्टी बारीक न घेता रुंद घेतली, तर ती आलेखाच्या बरोबर त्या भागात येते जिथे रात्रीचा डोळा अजून काम करतो.

आज करण्यासारख्या गोष्टी

- अँड्रॉइड : सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडा आणि ‘हाय कॉन्ट्रास्ट टेक्स्ट’ शोधा. फोनच्या कंपनीप्रमाणे नाव थोडं वेगळं असू शकतं. घरातल्या मोठ्यांच्या फोनवर हे आणि फॉन्ट साइज दोन्ही लावून द्या.
- आयफोन : अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये ‘डिस्प्ले अँड टेक्स्ट साइज’, तिथे ‘बोल्ड टेक्स्ट’ आणि ‘इन्क्रीज कॉन्ट्रास्ट’.
- पडदा पुसा. तेलकट बोटांचे डाग उजेड पसरवतात. ओरखडे पडलेलं स्क्रीन गार्ड बदला.
- हेल्मेटची काच आणि गाडीची समोरची काच, यांचंही तेच. रात्री धुळकट काच म्हणजे फुकटचा मोतीबिंदू.
- रात्री गाडीवर मॅप लावला असेल तर ब्राइटनेस कमी आणि डार्क मोड चालू. उजळ पडदा बघून लगेच अंधारात बघितलं तर डोळ्याला पुन्हा सरावायला वेळ लागतो. दंड पेशी पूर्ण तयार व्हायला अर्धा तासही जातो.
- समोरून गाडी आली की डिपर द्या. तुमचा हाय बीम समोरच्याच्या डोळ्यातला कॉन्ट्रास्ट पुसतो, आणि त्याच्या पुढे कोणती ट्रॉली आहे हे तुम्हाला माहीत नसतं.
- अ‍ॅप किंवा वेबसाइट बनवत असाल तर रंग ठरवल्यावर फोन घेऊन दुपारी अंगणात या आणि ‘चिंता’ वरचं टिंब दिसतं का ते बघा. कॉन्ट्रास्ट मोजणारी फुकट टूल्स भरपूर आहेत, पण ऊन हे त्यातलं सगळ्यात कडक टूल आहे.